न दिलेली मूठ

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा गादीवर कोणता राजा होता हे आता कुणालाच सांगता यायचं नाही, आणि गोष्टीचं त्यावाचून काही अडतही नाही. लहान असाल तर ऐका. मोठे असाल तर जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली तबिथा नावाची मुलगी धर्मशास्त्र शिकायला समुद्रापलीकडे गेली होती, आणि बऱ्याच वर्षांनी ती परत येत होती. बैलगाडीत बसल्या बसल्या तिनं गावातल्या ख्रिस्ती मंडळीचं एक चित्र मनात रंगवलं होतं. लोक देवाच्या वचनासाठी आसुसलेले असतील. प्रार्थनामंदिराचं दार उघडं असेल, प्रभुभोजनाचं मेज पांढऱ्या वस्त्रानं झाकलेलं असेल, त्यावर भाकर असेल, द्राक्षरसाचा प्याला असेल. ती पहिला उपदेश करील आणि लोकांचे डोळे भरून येतील.

प्रत्यक्षात दारात एक शेळी बसली होती. तबिथानं तिला उठवायचा प्रयत्न केला, पण शेळीनं तिच्याकडे पाहिलं आणि ती रवंथ करत राहिली. आत मेजावर वस्त्र होतं, पण त्याच्यावर बोटभर धूळ साचली होती. प्याला पालथा ठेवलेला होता. भाकरीच्या ताटलीत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

रविवारी लोक आले. ते फार गोड गायले. प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, आणि मेजाकडे कुणी न पाहता सगळे आपापल्या घरी गेले. मागच्या हिवाळ्यापासून त्या मंदिरात भाकर मोडली गेली नव्हती.

तबिथा तडक पाळकबाबांकडे गेली. पाळकबाबा म्हणजे त्या मंडळीचे म्हातारे पाळक. यांनीच तिला लहानपणी अक्षरओळख करून दिली होती, आणि यांनीच तिला शिकायला धाडलं होतं. आता ते खाटेवर पडून असत. पाय सुजलेले, श्वास अपुरा. पण डोळे अजून मिस्कील होते.

मेजावर धूळ का आहे, असं तिनं विचारलं. पाळकबाबांनी तिला गावची रीत सांगितली. तबिथानं ती लहानपणी पाहिली होती, पण कारण तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

फार पूर्वी, पहिली माणसं प्रभूच्या वाटेनं आली तेव्हा ती निरनिराळ्या वाड्यांवरून आली होती. एकमेकांच्या हातचं पाणीही न पिणारी माणसं होती ती. एकत्र गायला ती तयार होती, एकत्र गुडघे टेकायलाही तयार होती. पण एका भाकरीतून खायची वेळ आली की कुणाला तरी पोटात दुखायला लागायचं. तेव्हाच्या पाळकानं एक गोष्ट ठरवली. दर शनिवारी प्रत्येक घरानं मूठभर धान्य आणायचं, ते एकाच जात्यात दळायचं, आणि त्या पिठाची भाकर रविवारी मोडायची. पीठ एकदा झालं की कुणाचा दाणा कुणाचा हे देवालाही वेगळं करता येऊ नये, असं तो पाळक म्हणायचा. आणि एका जरी घराची मूठ आली नाही, तर त्या आठवड्यात भाकर करायची नाही. बाकीच्यांनी आपापली मूठ परत घेऊन जायची.

"मग आता कुणाची येत नाही?"

"शांतवनची," पाळकबाबा म्हणाले.

शांतवन चुना भाजायचा. त्याची भट्टी गावाबाहेर डोंगराच्या चढावर होती, कारण धुराचा सगळ्यांना त्रास व्हायचा. घरही तिथंच. मागच्या हिवाळ्यात त्याची बायको रिबका खोकून खोकून वारली, आणि तिला माती दिल्यापासून त्या घरची मूठ आली नव्हती. पाळकबाबा तेव्हा चालते-फिरते होते. ते दोनचारदा जाऊन त्याच्याजवळ बसून आले. शांतवन त्यांना पाणी द्यायचा, हवापाण्याचं बोलायचा, पण मुळातली गोष्ट ओठांवर येऊ द्यायचा नाही. मग पाळकबाबांचे पाय गेले, आणि त्यानंतर चढ चढून तिकडे कुणी गेलं नाही.

"एका माणसासाठी सगळी मंडळी उपाशी?" तबिथा म्हणाली.

"एका माणसासाठीच तर भाकर असते, बाळ," पाळकबाबा म्हणाले. दम घेऊन ते पुढे म्हणाले, "मला मात्र जायच्या आधी एकदा खायला मिळाली, तर बरं वाटेल."

हे शेवटचं वाक्य तबिथाच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

तिनं गावात चौकशी केली. शांतवन का रुसलाय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. मंडळीचा कारभार पाहणारे जुने वडील योनाआप्पा म्हणाले, त्याला वडीलजनांत निवडलं नाही म्हणून. त्यांच्या शेजाऱ्याचं म्हणणं, मंदिराला दिलेल्या चुन्याचं कुणी कौतुक केलं नाही म्हणून. पाणवठ्यावरच्या बायकांनी तर, तो मुळातच तसा आहे, त्याचा बापही तसाच होता, असं सांगून विषयच मिटवला. धान्य गोळा करणाऱ्या अलीशिबाकाकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण काय सांगणार बाई, ज्याचं त्याला माहीत," आणि सूप पाखडू लागल्या. सुपात पाखडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तबिथानं क्षमेवर उपदेश केला. पुढच्या रविवारी पुन्हा क्षमेवरच केला. ती तळमळीनं बोलायची, मूळ भाषेतले शब्द उलगडून सांगायची, आवाज चढवायची. लोकांना ती आवडली. बाहेर पडताना योनाआप्पा कौतुकानं म्हणाले, "बाई फार छान बोलतात. मधे घोटभर पाणीसुद्धा लागत नाही त्यांना. आमच्या पाळकबाबांना चार वाक्यांवर खोकला यायचा, तेवढ्यात आम्हाला विचार करायला वेळ मिळायचा." सगळे हसले. तबिथाही हसली, पण त्यात टोमणा होता हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं.

व्यासपीठावरून खिडकीतून भट्टीचा धूर दिसायचा. शेवटी तबिथा चढ चढून तिकडे गेली.

शांतवन भट्टी भरत होता. चुनखडीचा एक थर, कोळशाचा एक थर, पुन्हा चुनखडी. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा झाला होता. त्यानं हात झटकले, तिला बसायला दगड पुसून दिला, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तबिथा बसली नाही. उभ्यानंच तिनं त्याला समजावून सांगितलं. राग माणसाला कसा आतून खातो, मेज कुणा एकाचं नसतं, म्हाताऱ्या पाळकांची शेवटची इच्छा काय आहे, प्रभूनं स्वतः किती सोसलं. ती बरंच बोलली आणि सगळं खरं बोलली.

शांतवननं मान खाली घालून ऐकलं. तिचं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरं झालं आलात, बाई. इथवर कुणी येत नाही."

तबिथाला वाटलं, दगडाशी बोलतोय आपण. गूळ तसाच ठेवून ती उतरली.

"काय म्हणाला शांतवन?" पाळकबाबांनी तिला विचारलं.

तिनं आपण त्याला काय काय सांगितलं ते मुद्देसूद सांगितलं. पाळकबाबांनी ऐकून घेतलं, आणि पुन्हा विचारलं, "हो, पण तो काय म्हणाला?"

"काही नाही."

पाळकबाबांनी डोळे मिटले.

त्या आठवड्यात त्यांचं अन्न सुटलं. पेज दिली तर दोन घोट घ्यायचे आणि वाटी सारायचे. वैदू येऊन नाडी पाहून गेला. जाताना तो दारात तबिथाशी हळू आवाजात बोलला. वेळ थोडा होता. म्हाताऱ्यानं आयुष्यभर ज्यांना भाकर मोडून दिली, त्यांच्यातून तो भाकर न खाता जाणार होता, आणि तेही एका हट्टी माणसाच्या मूठभर दाण्यांसाठी.

शनिवार आला. मंदिराच्या ओसरीवर सगळी घरं जमली. अलीशिबाकाकूंनी टोपली पुढ्यात घेतली आणि त्या एकेका घराचं नाव घेऊ लागल्या. नाव घेतलं की त्या घरचं माणूस पुढं यायचं, टोपलीत मूठ सोडायचं आणि मागं सरायचं. सगळ्यात शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, "शांतवनचं घर."

कुणी हललं नाही. नाव घ्यायचं, थोडं थांबायचं आणि मग आपापली मूठ उचलून घरी जायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलं होतं की काही जण हाक संपायच्या आधीच वाकले होते.

"थांबा," तबिथा म्हणाली. "शांतवनभाऊंची मूठ आली आहे. त्यांनी माझ्याकडे दिली."

तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर ज्वारी टोपलीत सोडली. मग ती घाईघाईनं मागं सरली. लोकांना वाटलं, आनंदानं.

आणि आनंद झालाच. योनाआप्पांनी मोठ्यानं प्रभूचे आभार मानले. बायकांनी एकमेकींचे हात धरले. एका म्हातारीनं तबिथाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अलीशिबाकाकूंनी मात्र टोपलीत पाहिलं. गावातली सगळी घरं खालच्या काळ्या रानात ज्वारी पिकवायची. शांतवनच्या वरच्या मुरमाड तुकड्यात ज्वारी कधी उगवलीच नाही. त्याच्या घरून यायची ती तांबूस काळी नाचणी. पांढऱ्या दाण्यांत पांढरी मूठ पडलेली काकूंनी पाहिली, मग तबिथाकडे पाहिलं. तबिथानं नजर चुकवली. काकूंनीही चुकवली. त्यांनी टोपली उचलली आणि त्या जात्याकडे निघाल्या.

रविवारी पाळकबाबांना खाटेसकट मंदिरात आणलं. चौघांनी उचललं, आणि पाचवे योनाआप्पा नुसते सूचना देत पुढं चालले. मेज धुऊन लख्ख केलं होतं. तबिथानं भाकर मोडली. पहिला तुकडा तिनं पाळकबाबांच्या ओठांशी नेला. म्हाताऱ्यानं तो तोंडात घेतला आणि बराच वेळ हळूहळू चघळत राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तबिथानं मनाशी म्हटलं, यासाठी एवढंसं खोटं चालतं. देव समजून घेईल.

पण उपासना संपल्यावर जे झालं, ते तिनं मनात धरलंच नव्हतं. लोक घरी गेलेच नाहीत. योनाआप्पा म्हणाले, ज्याच्या मुठीनं आज ही भाकर झाली, तो इथं नाही. चला, आपण त्याच्याकडे जाऊ. पितळी ताटात भाकरीचा तुकडा ठेवला, वर स्वच्छ फडकं घातलं. ताट अलीशिबाकाकूंच्या हातात दिलं. गीत गात सगळी मंडळी चढ चढू लागली. तबिथानं त्यांना थांबवायला तोंड उघडलं, पण थांबवायचं कारण काय सांगणार? ती मागून चालत राहिली. इतके दिवस जो चढ कुणी चढलं नव्हतं, तो आता सगळं गाव चढत होतं, आणि तिला वाटत होतं की तो कधी संपूच नये.

शांतवन भट्टीच्या तोंडाशी होता. गाण्याचा आवाज ऐकून तो उभा राहिला. एवढी माणसं त्याच्या दारात रिबकाच्या मातीच्या दिवशीही आली नव्हती.

योनाआप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून छोटंसं भाषणच केलं. मागचं सगळं विसरलो, तूही विसर, तुझी मूठ पोचली, आज म्हाताऱ्या पाळकांनी ती खाल्ली. शांतवन ऐकत होता. मग त्यानं ताटावरचं फडकं बाजूला केलं आणि भाकरीच्या तुकड्याकडे पाहिलं.

"मी मूठ दिली नाही," तो म्हणाला.

लोकांच्या नजरा तबिथाकडे वळल्या, पण शांतवन तिच्याकडे पाहत नव्हता.

"रिबका आजारी पडली तरी दर शनिवारी मूठ पाठवायची," तो म्हणाला. "खोकल्यानं उठता यायचं नाही, तरी स्वतः निवडून पाठवायची. एकदा ती चाळण परत करायला गावात गेली होती. तिथं एका अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. नाचणीचे दाणे. या गावात नाचणी आणखी कुणाच्या घरी आहे? तिच्या आजाराला भिऊन तिची मूठ कुणीतरी वेगळी काढत होतं. घरी येऊन तिनं मला सांगितलं आणि शपथ घातली, कुणाला बोलू नको म्हणून. आणि मरेपर्यंत मूठ पाठवत राहिली. म्हणायची, हातात तरी घेतात ना."

भट्टीत दगड तडकल्याचा आवाज झाला.

"ती होती तोवर शपथ होती. ती गेली, तेव्हा शपथ सुटली. पण इथवर कुणी विचारायला आलं नाही, आणि आपणहून सांगायला माझी जीभ उचलली नाही. तिनं दिलेली मूठ तुम्ही भाकरीत घेतली नाहीत. आणि मी न दिलेली मूठ आज खाऊन आलात."

तो रागावून बोलत नव्हता. तो ओरडला असता, तर मंडळीला ते सोपं गेलं असतं.

अलीशिबाकाकूंनी हातातलं ताट जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी त्या खाली बसल्या. "ते अंगण माझं," त्या म्हणाल्या. "घरात लेकरं होती, शांतवन. मी भ्याले."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं की त्या दिवसांत भाकर पांढरीशुभ्र व्हायची, ते सगळ्यांनाच दिसलं होतं. कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. उलट, काकूंचा हात किती स्वच्छ, असं म्हणून कौतुकच केलं होतं.

शांतवननं ताट उचललं, फडकं नीट झाकलं आणि ते योनाआप्पांच्या हातात परत दिलं. भट्टी पेटलेली आहे, तिला सोडून मला जास्त वेळ उभं राहता येत नाही, असं तो नेहमीच्या नम्रपणानं म्हणाला, आणि पाठ वळवून कामाला लागला. लोक चढावरून उतरले. उतरताना कुणी गायलं नाही. योनाआप्पांनी ते ताट कसं धरावं हे न कळून दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

संध्याकाळच्या उजेडात तबिथा पाळकबाबांच्या खाटेशी गुडघे टेकून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तुमच्यासाठीच केलं, असं मात्र ती दोनदा म्हणाली.

पाळकबाबा छताकडे पाहत होते. "मग आज मी जे खाल्लं," त्यांनी विचारलं, "ते काय होतं?"

समुद्रापलीकडे तिनं या एका भाकरीवर जाडजाड ग्रंथ वाचले होते. भाकर म्हणजे काय, तिचा अर्थ काय, कोणत्या काळात कुणी काय म्हटलं, सगळं तिला पाठ होतं. पण तिनं नुसतं खाटेच्या काठाला कपाळ टेकलं.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात इतका हलका झाला होता की तिला तो आधी जाणवलाच नाही. "तुला शिकायला धाडताना सगळे म्हणाले होते, पोर लांब जाईल," ते म्हणाले. "खरंच लांब गेलीस. आता तेवढा एक चढ राहिलाय."

आता पुढं काय झालं ते मी तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकून राहणार नाही. पुढच्या शनिवारी भाकर झाली नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. पाळकबाबा खरी भाकर न खाताच गेले. त्यांच्या खोट्या भाकरीचं दुःख तबिथाच्या मनातून कधी पुसलं गेलं नाही, आणि ते पुसावं म्हणून तिनं प्रार्थनाही केली नाही. मात्र पाळकबाबांची कबर बांधून झाली, त्या दिवशी कुणी न बोलावता शांतवन चुन्याची घमेली घेऊन उतरला आणि कबरीला स्वतःच्या हातानं चुना लावून गेला. तबिथा बादलीतून पाणी देत होती. मग एक शनिवार असा आला, की अलीशिबाकाकूंनी शेवटच्या घराचं नाव घेतलं, टोपलीत नाचणीची मूठ पडली, आणि तेव्हा कुणी आपली मूठ परत न्यायला वाकलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. गोष्ट खरी ठरली ती त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

तबिथा उजाडताच उठली. म्हाताऱ्याला पेज भरवली. त्यांनी दोन घोट घेतले. तिला ठाऊक होतं की एक सोपा रस्ता अजून उघडा आहे. आज मंडळी शरमिंदी होती. ती आता व्यासपीठावरून जे सांगेल ते लोकांनी मुकाट्यानं ऐकलं असतं. पश्चात्तापावर तिला फार सुंदर उपदेश करता आला असता. रविवारपर्यंत रडून सगळे मोकळे झाले असते, कदाचित शांतवनवर दडपण आणून मूठही मिळवली असती, आणि पाळकबाबांना वेळेत भाकर मिळाली असती.

तिनं ते केलं नाही. ती आधी योनाआप्पांकडे गेली आणि म्हणाली, परवाची मूठ माझी होती, मी खोटं बोलले. हे मी सगळ्यांसमोर सांगेन, आणि शांतवनभाऊ स्वतः सांगेपर्यंत व्यासपीठावर चढणार नाही. आप्पांनी विचारलं, मग रविवारी बोलायचं कुणी? ती म्हणाली, या रविवारी गप्प बसून पाहू या. आप्पांना गप्प बसायची सवय नव्हती, पण ते नाही म्हणाले नाहीत.

मग ती चढ चढू लागली. अर्ध्यावर तिला अलीशिबाकाकू दिसल्या. एका दगडावर त्या बसल्या होत्या, पुढं जायचा धीर होत नव्हता आणि मागं फिरायचंही जमत नव्हतं. तबिथानं नुसता हात पुढं केला. काकू उठल्या.

शांतवन भट्टीशी होता. त्यानं दोघींना पाहिलं, आणि दगड पुसून दिला, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. या वेळी तबिथा बसली. ती पाणी प्यायली. तिच्या ओठांशी कितीतरी वाक्यं येऊन उभी राहिली, क्षमेची, प्रेमाची, वचनातली. तिनं ती सगळी गिळली. मुठीचं नाव काढलं नाही. पाळकबाबांचंही काढलं नाही.

"शांतवनभाऊ," ती म्हणाली, "रिबकाबाई कशा होत्या?"

त्यानं हात झटकले. मग समोरच्या दगडावर बसला आणि सांगू लागला. आणि तबिथानं त्या सकाळी ठरवलं, की त्याचं सांगून होईपर्यंत आपण एक शब्दही बोलायचा नाही, मग दुपार होवो की दिवस मावळो.

ज्याला वचन सांगायचं, त्याच्या दारात आधी ऐकायला बसावं. न ऐकता मोडलेली भाकर कुणाचंच पोट भरत नाही.